भिंतीवरचे वैद्य : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी आरोग्याच्या जुन्या पोस्टरांवर आणि छापील चित्रांवर लिहिलं. त्यावर एवढी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं, मला वाटलं होतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माणूस समोरच्या भिंतीकडेच बघत बसतो. डॉक्टरांचा चेहरा विसरेल, पण भिंतीवरचं चित्र त्याला जन्मभर आठवतं.

मला न ओळखणाऱ्यांसाठी एवढंच की माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट छापखान्यात गेली. काम रिटचिंगचं. फिल्मवरचे डाग ब्रशने भरायचे, रंग जुळवायचे, प्लेटवर जाण्याआधी शेवटची नजर टाकायची. आरोग्याची पोस्टरं, औषध कंपन्यांची कॅलेंडरं, शाळांचे तक्ते असं सगळं माझ्या टेबलावरून गेलं. तेव्हा गोळी कुठली घ्यायची ते मला विचारू नका. कागदाचं विचारा.

माहेरचं घर पुनर्विकासाला गेलं. सामान हलवताना पोटमाळ्यावर शाळेचा एक तक्ता सापडला : 'आरोग्याच्या चांगल्या सवयी'. दात घासणारा मुलगा, नखं कापणारी मुलगी, झाकलेलं अन्न वगैरे. खाली छापखान्याचं नाव आणि 'किंमत ३७ न. पै.' एवढंच आहे. साल नाही. किती जुना असेल?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा

बाई, साल तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि १ जून १९६४ पासून त्यांच्यातलं 'नवे' गळून नुसते 'पैसे' राहिले. तक्ता या सात वर्षांतला. आता ३७ हा आकडा बघा. कोणी शहाणा प्रकाशक नव्याने किंमत ठरवताना ३७ ठेवेल का? ३५ ठेवेल, ४० ठेवेल. सहा आण्यांचे मात्र साडेसदतीस नवे पैसे होतात. म्हणजे आधी सहा आण्याला विकला जाणारा तक्ता नव्या नाण्यांत बसवलाय. माझा अंदाज सुरुवातीच्या एकदोन वर्षांचा.

अंदाज पक्का करायचा तर आणखी काही गोष्टी तपासा. कुठे 'मुंबई राज्य' असं छापलंय का? असेल तर तक्ता १ मे १९६० च्या आधीचा, त्यानंतर 'महाराष्ट्र' आलं. पत्त्यात पिन कोड असता तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा म्हटलं असतं. मजकुरात 'नखें कापावीं', 'दांत घांसावे' असे अनुस्वार पेरलेले आहेत का, तेही बघा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते उडवले, पण सगळ्या कंपोझिटरांनी (खिळे जुळवणाऱ्यांनी) लगेच ऐकलं असं नाही, म्हणून हा पुरावा दुय्यम धरायचा. आणि छापखान्याचं नाव खाली आहे ते मालकाच्या हौसेखातर नव्हे. कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असलंच पाहिजे, असं १८६७ च्या कायद्यातच होतं. सरकारविरुद्ध काही छापलं तर कोणाला धरायचं हे इंग्रजांना कळावं म्हणून केलेली ही सोय, आज आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडते. केंद्र सरकारचं पोस्टर असेल तर कोपऱ्यात 'डीएव्हीपी' (केंद्राचं जाहिरात खातं) आणि पुढे बारीक आकडा शोधायचा. ते खातं त्या नावाने १९५५ पासूनचं.

तारखेपेक्षा मला त्या तक्त्यातलं घर जास्त खुणावतं. असे तक्ते मी पुष्कळ हाताळलेत. त्यातल्या घरात नळ असतो, नळाला पाणी असतं, आरसा असतो, मुलाचे कपडे इस्त्रीचे असतात. पोरगं एकटंच, स्वतःहून, हसत दात घासत असतं. चाळीतल्या सामायिक मोरीत रांग लावणाऱ्या मुलाने हे बघून काय समजायचं? अस्वच्छता हा तुझा दोष, पाण्याचा नाही. जुनं पोस्टर हातात आलं की मी आधी हेच बघते : हे कोणाला उद्देशून आहे, आणि ठपका कोणावर ठेवतंय?

तक्ता टाकू नका. अशा गोष्टी शाळांनी रद्दीत घातल्या, त्यामुळे चांगल्या स्थितीतला सापडणं अवघड झालंय.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, मुलाला आंघोळ नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही, असं सगळं सांगतात. माझी मुलगी हसते, 'हे फक्त आपल्याकडेच' म्हणते. जुन्या चित्रांमध्ये परदेशातलं असं काही आहे का?
— एक वाचक, ऐरोली

आहे, आणि इतकं आहे की मुलीला बसवूनच दाखवा. १८६२ साली जपानात, एदो शहरात (आजचं टोकियो), गोवराची मोठी साथ आली. तिथले लाकडी ठशांवरून चित्रं छापणारे लोक लगेच कामाला लागले आणि गोवराची चित्रं विकायला आली. जपानीत त्यांना 'हाशिका-ए' म्हणतात. वर मजकूर, खाली चित्र. मजकुरात काय खायचं, काय वर्ज्य, किती दिवस आंघोळ नाही, किती दिवस केस विंचरून घ्यायचे नाहीत. फोडणी नाही, एवढाच काय तो फरक.

चित्र त्याहून मजेदार. काहींमध्ये अंगभर पुरळ असलेला गोवराचा राक्षस खाली पाडलाय आणि लोक त्याला बदडतायत. हे लोक कोण? सार्वजनिक न्हाणीघराचा मालक, नूडल विकणारा, दारूवाला, केस बांधणारी, रंगमहालातल्या बायका. ज्यांचा ज्यांचा धंदा पथ्यामुळे बसला ते सगळे. आणि राक्षसाला वाचवायला, 'अहो सोडा, मारू नका' म्हणत मध्ये कोण पडतंय? वैद्य आणि औषधविक्या! कारण त्यांची चांदी चालली होती. साथीत कोणाचं बुडतं आणि कोणाचं साधतं, याचा इतका सरळ हिशेब मी दुसऱ्या कुठल्याही छापील कागदावर पाहिलेला नाही. करोनाच्या दिवसांत आपल्या गल्लीतलं सलून बंद आणि केमिस्टसमोर रांग होती ते आठवा, म्हणजे चित्र लगेच कळेल. तोडगेही आहेत त्यात : घोड्याला दाणा घालायची बादली मुलाच्या डोक्यावर धरायची, म्हणजे गोवर सौम्य निघतो. सासूबाईंना हे नक्की सांगा, त्यांना आपला डहाळा एकदम शास्त्रीय वाटायला लागेल.

देवीच्या रोगासाठी जपानात वेगळी चित्रं होती, फक्त लाल शाईत छापलेली. देवीच्या देवाला लाल रंग चालतो किंवा तो लालला भितो, दोन्ही म्हणतात. आजारी मुलाच्या उशाशी ती ठेवायची आणि मूल बरं झालं की जाळायची किंवा नदीत सोडायची. म्हणून आज फार थोडी उरलीत. आपल्याकडे शीतळादेवीची शांत करून पाठवणी करायचे, तोच भाव.

राहता राहिला सासूबाईंचा डहाळा. त्याने गोवर बरा होत नाही, पण दारावरचा डहाळा म्हणजे 'आत येऊ नका' असं सांगणारं पोस्टरच होतं, तेही वाचता न येणाऱ्यांसाठी. गोवरासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगात ही काही लहान गोष्ट नाही. मात्र लसीचे दोन डोस, पहिला नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या, हे डहाळ्याच्या आधी. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराने मुलं गेली आहेत, त्यामुळे हा भाग मी हसण्यावारी नेत नाही.

खारेगावात माझा छोटा दवाखाना आहे. वेटिंगमध्ये तीच ती कंपन्यांनी दिलेली हृदयाची आणि मणक्याची चित्रं नकोत. वैद्यकावरची जुनी, थोडी मिश्कील चित्रं लावायची आहेत. कुठली लावू?
— एक तरुण डॉक्टर, कळवा

डॉक्टर, लंडनच्या जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारापासून सुरुवात करा. १७९९ सालचं त्याचं 'द गाउट' घ्या. गाउट म्हणजे सांधे सुजवणारा रोग. चित्रात पेशंट नाहीच. सुजलेलं एक पाऊल आहे आणि त्याच्यात दात आणि नख्या रुतवून बसलेलं एक छोटं काळं भूत. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापायचं आणि वर हाताने रंग भरायचे, अशी ती पद्धत. युरिक ॲसिड वाढलेला तुमचा कुठलाही पेशंट हे बघून म्हणेल, 'बरोब्बर, असंच होतं.'

जोडीला जॉर्ज क्रुकशँकची १८१९ मधली दोन चित्रं : डोकेदुखी आणि पोटशूळ. पहिल्यात चिमुकली भुतं माणसाच्या डोक्यावर हत्यारं चालवतायत. दुसऱ्यात एका बाईच्या कमरेला दोर गुंडाळून दोन्हीकडून खेचतायत. पुढे १८३३ मध्ये पॅरिसच्या दोमिये या चित्रकाराने हाच पोटशूळ दगडावर काढला. दगडावर म्हणजे लिथो, आपली शिळाछाप. बव्हेरियाच्या आलॉइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ही युक्ती काढली. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. शाई तेलकट रेघेलाच धरते, ओल्या जागेला नाही. आमच्या ऑफसेटच्या प्लेटचंही तत्त्व तेच, फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला. कोरीव कामाची कटकट गेल्यामुळे चित्रकार थेट दगडावर हात चालवू शकला, आणि डॉक्टर, वकील, राजा सगळ्यांची टिंगल साप्ताहिकातून स्वस्तात घरोघर जायला लागली.

एक चित्र मात्र लावू नका, कितीही मोह झाला तरी. गिलरेचंच, १२ जून १८०२ चं. देवीची लस काढणारा डॉक्टर जेन्नर गोस्तन देवीची (गायींना होणाऱ्या देवीची) लस टोचतोय आणि टोचलेल्या लोकांच्या दंडातून, तोंडातून, नाकातून गायी फुटून बाहेर येतायत. मला ती टिंगल लसीपेक्षा लसीला घाबरणाऱ्यांची वाटते. पण तुमच्याकडे बाळाला इंजेक्शनला घेऊन आलेली आई एवढा विचार करणार नाही, ती उठून जाईल. योगायोग असा की हे चित्र लंडनच्या दुकानात लागलं त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ ला, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली आणि ती भारतातली पहिली ठरली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत ती लस आली होती. तेव्हा शीतपेटी कुठली? टोचलेल्या एकाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी माणसांच्या दंडांवरूनच ती टिकवावी लागे.

लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर यातलं बरंचसं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं. प्रिंट काढताना ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) खाली जाऊ नका आणि चकचकीत आर्ट पेपर नको. ट्यूबलाइट त्यात चमकते आणि भूत दिसतच नाही.

ग्राइप वॉटरच्या जुन्या जाहिरातीतलं साप धरलेलं बाळ म्हणजे बाळकृष्ण आणि कालिया, असं आमच्याकडे समजतात. खरं का?
— तीन बहिणी, कोपरी

नाही हो. तो ग्रीक हर्क्युलिस. पाळण्यात असतानाच त्याने दोन साप आवळून मारले अशी कथा आहे. ग्राइप वॉटर १८५१ चं, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्याचं. जुन्या पाककृतीत बडीशेपेच्या जातीच्या शेपूचं तेल, सोडा आणि बऱ्यापैकी अल्कोहोल होतं. बाळ गप्प का व्हायचं, ते आता वेगळं सांगत नाही. तुमची आजी त्याला कृष्ण म्हणून नमस्कार करत असेल तर कंपनीने त्याला कधीच हरकत घेतली नसती.

खारघरमध्ये एका विक्रेत्याकडे १८८५ चं अमेरिकन जाहिरातीचं 'मूळ' कार्ड आहे : दातदुखीवर कोकेनचे थेंब, चित्रात खेळणारी मुलं. तो बरीच किंमत सांगतोय. घ्यावं का?
— संग्राहक होऊ बघणारा एक वाचक

कार्ड खरंच होतं. ऑल्बनीच्या एका कंपनीचं, 'तात्काळ गुण, किंमत १५ सेंट'. त्यात लबाडीही नव्हती, कारण कोकेनने बधिरता येते हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने आदल्याच वर्षी, १८८४ मध्ये, डोळ्यावर दाखवून दिलं होतं आणि तेव्हा ते विकायला बंदी नव्हती. पण या कार्डाची नक्कल इतक्या वेळा छापली गेलीय की हातात आलेलं प्रत्येक कार्ड नकली धरून चालायचं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन जा. चेहऱ्याचा गुलाबी भाग बघा. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके छोट्या छोट्या फुलांच्या आकारात एकसारखे मांडलेले दिसले तर ते फोर कलर ऑफसेट, म्हणजे नक्कल. ठिपके फवारल्यासारखे विस्कटलेले असतील तर घरचा इंकजेट. जुन्या रंगीत लिथोत दर रंगाला वेगळा दगड असे, कधी दहाच्या वर. ठिपके असले तरी ते कारागिराने हाताने दिलेले, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे चुकलेले. मग काळी अक्षरं बघा. मूळ छपाईत ती सलग काळी असतात. फोटोवरून उचललेल्या नकलेत बहुधा त्यांच्या कडाही ठिपक्यांनी खाल्लेल्या दिसतात. विक्रेता भिंग लावू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

आपल्याकडे असल्या जाहिरातींना आळा घालायला १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदा आहे. ज्यांच्यावर हमखास इलाजाची जाहिरात करता येत नाही अशा ५४ रोगांची यादीच त्याला जोडलीय. ठाणे लोकलच्या डब्यात वर चिकटवलेले कागद वाचले की त्यातले निम्मे रोग पाठ होतात.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'चित्रांतून दिसणारा मनोरुग्ण' असा प्रकल्प करतेय. सुरुवात कुठून करू?
— वाशी

विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकारापासून. उधळ्या तरुणाच्या ऱ्हासाची आठ चित्रं त्याने १७३५ मध्ये छापून विकली. शेवटचं चित्र लंडनच्या बेथलेम वेड्यांच्या इस्पितळातलं. तरुण जमिनीवर अर्धनग्न पडलाय, पायात बेडी आहे. मागच्या कोठडीत डोक्यावर मुकुट घातलेला एक नागडा 'राजा'. आणि बरोबर मध्ये भारी रेशमी कपड्यांतल्या दोन बायका, सहज फिरायला आलेल्या. एकीने लाजून पंखा आडवा धरलाय आणि त्याआडून ती नीट बघतेय. त्या काळी वेडे बघायला जाणं ही करमणूक होती. अशा सर्रास भेटी बेथलेमने १७७० मध्ये थांबवल्या.

दुसरं चित्र पॅरिसचं घ्या. ब्रुये या चित्रकाराने १८८७ मध्ये शार्को या मज्जाविकारांच्या डॉक्टरच्या वर्गाचं चित्र रंगवलं : उन्मादाची रुग्ण म्हणून भान हरपलेली एक तरुणी उभी केलीय आणि समोर पुरुषांचा घोळका वह्या घेऊन बसलाय. त्याची लिथो प्रत फ्रॉइडच्या उपचाराच्या खोलीत टांगलेली असे. पेशंटने कोचावर पडून त्याच खोलीत बोलायचं. याचा त्यांच्यावर काय परिणाम होत असेल, हे तुमच्या शाखेतल्या माणसांनी सांगावं.

तिसऱ्यासाठी लांब जायला नको. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. मी याच गावात वाढले, त्यामुळे 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद नाटकांत, लग्नांत, शाळेत ऐकून कान किटलेत. मुंबईकडचा पाहुणा आला की तो एकदा तरी मारणारच, आणि आपणच पहिले मारतोय अशा थाटात. त्या विनोदातला माणूस आणि हॉगार्थची पंखेवाली, दोघांनाही रुग्णाचं नाव माहीत नसतं.

प्रकल्पासाठी एक युक्ती देते. प्रत्येक चित्रावर पारदर्शक कागद ठेवून कोण कोणाकडे बघतंय याचे बाण काढा. रुग्ण कोणाकडे बघतोय का? बहुतेक चित्रांत त्याच्याकडून एकही बाण निघत नाही. मग आजच्या जनजागृतीच्या पोस्टरांवर तेच करा, डोकं धरून अंधारात बसलेली ती नेहमीची आकृती घेऊन. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली, पण चित्रकारांपर्यंत ती बातमी अजून गेलेली दिसत नाही.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण उलटा का?
— एक वाचक, ठाणे पूर्व

यामागे गूढ काही नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या कुटुंबनियोजन खात्यातल्या दीप त्यागी यांनी ही खूण पुढे आणली. वाचता न येणाऱ्याला लांबून ओळखू यावी, गावातल्या कुठल्याही पेंटरला पट्टी लावून भिंतीवर काढता यावी आणि एकाच रंगात भागावं, एवढं बघायचं होतं. छपाईवाली म्हणून सांगते, यापेक्षा स्वस्त आणि न चुकणारी खूण मिळणार नाही. दोन रंग आले की रजिस्ट्रेशन हलतं, म्हणजे रंग एकमेकांशी नीट जुळत नाहीत. सरळ त्रिकोण इतर पन्नास ठिकाणी दिसतो, उलटा तेव्हा फारसा दिसत नव्हता. सोबत आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे, तेही गोल-रेघांचे.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि हसरे चेहरे तेच राहूनही लोक त्रिकोण बघून रस्ता बदलायला लागले. १९७७ नंतर खात्याने नावच 'कुटुंब कल्याण' केलं. चित्र चांगलं होतं. त्याच्या मागे उभं राहिलेल्या माणसाने ते बिघडवलं.

'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' अशी होर्डिंग्ज ठाण्याला जाता-येता दिसायची. हा बलबीर पाशा होता कोण?
— लोकलने नोकरी केलेला, घणसोली

कोणीच नव्हता. पीएसआय या संस्थेने २००२ च्या अखेरीस मुंबईत ही मोहीम सुरू केली. आधी नुसता प्रश्न, उत्तर नाही. लोकलच्या डब्यात माणसं एकमेकांना विचारायला लागली, हा कोण बुवा? मग हळूहळू गोष्ट उलगडली : एरवी तो काळजी घेतो, पण प्याला की विसरतो, तो एकाच बाईकडे जातो, म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो.

मला ही मोहीम हुशार वाटते. आमच्या टेबलावरून गेलेली तोवरची एड्सची पोस्टरं कवटी आणि हाडं दाखवायची, आणि बघणारा मान फिरवायचा. कवटीकडे बघून कोणी शेजाऱ्याशी बोलत नाही. बलबीरबद्दल मात्र बोलता येत होतं, कारण स्वतःबद्दल काही कबूल करावं लागत नव्हतं. खटकतं ते पुढचं. त्या गोष्टीतली मंजुळा. रोग तिच्याकडून येतो असं सूचित होतं, तिला कोणाकडून आला हे नाही. त्यावर टीकाही झाली. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी सैनिकांसाठीचं एक पोस्टर मिळालं तर शेजारी ठेवून बघा : साध्या, गोड चेहऱ्याची मुलगी आणि वर मजकूर, 'ती दिसते स्वच्छ, पण...'. साठ वर्षांत छपाई कुठल्या कुठे गेली. ठपका त्याच बाईवर.

नेरुळला खाडीच्या बाजूला राहतो. वडिलांची तीन जुनी पोस्टरं आहेत, हिवताप आणि क्षयाची. पावसाळ्यात लहरी पडतात, कडा तपकिरी झाल्यात. लॅमिनेट करून टाकू का?
— एक वाचक, नेरुळ

नको. अजिबात नको. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक गरम करून कागदात रुजवतात, ते परत निघत नाही. तपकिरी रंग कागदाच्या आतल्या आम्लाचा आहे, प्लॅस्टिकने तो थांबत नाही, उलट आत कोंडतो. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. प्लायवर चिकटवणाऱ्या फ्रेमवाल्याला तर दारातूनच परत पाठवा.

फ्रेम करायची तर आम्लविरहित माउंट मागा आणि काच कागदाला टेकणार नाही एवढं अंतर ठेवायला सांगा, नाहीतर जुलैत शाई काचेला चिकटते. फाटलेलं जोडायला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू लागतो, पण ते शिकलेल्या माणसाकडूनच. खाडीकडच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या, कोरड्या भिंतीवर टांगा. उन्हापासून लांब. उन्हात पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो, म्हणूनच जुनी पोस्टरं निळसर दिसतात. टांगायची नसतील तर गुंडाळी करू नका. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, लाकडी कपाटाऐवजी लोखंडी बरं, आणि दिवाळीच्या आधी एकदा उघडून कसर लागलीय का बघा.

हिवतापाच्या पोस्टरावर डीडीटीचा पंप घेतलेला माणूस असेल तर त्याचा उजेडात एक फोटो काढून संपादकांकडे पाठवा. फ्लॅश नको.